लेपर्ड गेकोच्या बोटांवर दरवेळी कात अडकते? बोटाआधी त्याचं घर तपासा

लेपर्ड गेको म्हणजे घरात पाळला जाणारा, पालीसारखा ठिपकेदार प्राणी. कात टाकायच्या आधी गेकोचं अंग दोन-तीन दिवस पांढुरकं, निस्तेज पडतं. मग एका रात्रीत कात निघते आणि सकाळी अंग लख्ख दिसतं, पण बोटांच्या टोकांवर पांढरे मोजे तसेच राहिलेले असतात. कोमट पाण्यात पाय भिजवून, कापसाने चोळून ते निघतात आणि सांभाळणाऱ्याला हायसं वाटतं. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच होतं, आणि बहुतेक त्याच बोटांवर. असं तीन-चार वेळा झालं की एखादं बोट सुजतं, काळं पडतं आणि गळून जातं.

वाचवून आणलेल्या गेकोत हे फार दिसतं. आधीच्या घरी त्याला कोरडी वाळू, डोक्यावर तापणारा बल्ब आणि रोज तेच मीलवर्म (खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अळ्या) मिळालेले असतात. आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या बोटांवर एका नव्हे, तर दोन-तीन कातींचे थर एकावर एक बसलेले असू शकतात. त्यात विदर्भातलं गाव म्हटलं की उन्हाळ्यात हवेत ओलावा उरत नाही आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. म्हणून इथे कात अडकण्याची कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. एकच उपाय बारा महिने चालवला तर तो निम्म्या वर्षी उलटा पडतो. नेमकं हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कात अडकणं हा कातडीचा रोग क्वचितच असतो. बहुतेक वेळा दुखणं घराचं, म्हणजे गेको राहतो त्या पेटीचं असतं. पण बोटावर आत्ता काही अडकलेलं असेल तर ते आधी सोडवावं लागेल.

आज अडकलेली कात कशी काढायची

गेकोच्या चारही पायांना पाच-पाच बोटं असतात. वीसही बोटं भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहा. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बोटावर बारीक पारदर्शक कडं असू शकतं, आणि मोज्यापेक्षा ते कडंच जास्त घातक असतं. कात वाळली की आवळते. बोटाच्या टोकाकडे रक्त जायचं थांबतं आणि टोक मरतं. बोटांनंतर शेपटीचं टोक, कानाची भोकं, नाकपुड्या आणि पापण्यांच्या कडा पाहा.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि झाकणाला सात-आठ भोकं पाडा. तळाशी सुती कापडाची घडी घाला आणि त्यावर कोमट पाणी ओता. पाणी २८ ते ३० अंश असावं. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकला तर ना गरम लागावा ना गार. कापड पूर्ण भिजावं आणि वर पाण्याचा पातळ थर राहावा, फार तर पंजे बुडतील एवढा. गेकोला नीट पोहता येत नाही आणि घाबरला की तो पाणी नाकात ओढतो, म्हणून पोटापर्यंत पाणी नको. गेकोला आत ठेवून झाकण लावा, वीस मिनिटं थांबा आणि डब्याजवळच बसा. अशक्त, नुकत्याच आणलेल्या गेकोसाठी पाण्याचा थरही ठेवू नका. नुसतं ओलं, पिळलेलं कापड घालून अर्धा तास ठेवा, तेवढ्या वाफेनेही कात सैल होते.

मग इअरबडचा कापूस ओला करून बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलक्या हाताने फिरवा. कडं सैल झालं असेल तर ते गुंडाळत खाली येतं. आलं नाही तर ओढू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. जुने थर असतील तर एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट महागात पडतो, कारण वरच्या थराबरोबर खालची कोवळी कातडी सोलली जाते. दिवसातून एकदाच भिजवायचं, आणि एका वेळी दोन-तीन बोटं झाली तरी पुरे. गेकोला धरताना हात पोटाखाली हवा. शेपटीला हात लावायचा नाही. घाबरला तर तो शेपूट टाकतो, आणि साठवलेली बरीचशी चरबी त्या शेपटीतच असते.

आता चार गोष्टी, ज्या घरोघरी प्रेमापोटी केल्या जातात आणि ज्यांनी नुकसान होतं. खोबरेल तेल लावू नका. तेलाने कात चमकते, पण त्याखाली पाणी पोहोचत नाही आणि नंतर ती जास्तच चिकटते. हळद लावू नका. बोट पिवळं झालं की ते लाल आहे की काळं पडतंय हे कळायचा मार्गच बंद होतो. ब्लेडने किंवा नखाने कडं कापू नका, बोट जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं असतं. आणि पापणीत कात अडकली असेल तर चिमटा घालू नका. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ०.९ टक्क्यांच्या नॉर्मल सलाइनचे दोन थेंब दिवसातून दोनदा टाका, पापणी आपोआप ओलसर राहील. आपल्या घरात पडून असलेले डोळ्याचे थेंब अजिबात वापरायचे नाहीत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जातो. दोन दिवसांत डोळा नीट उघडला नाही, तर डॉक्टरकडे जा.

बोट सुजलं असेल, टोक काळं असेल, पू किंवा वास असेल, तर भिजवणं थांबवा आणि थेट पशुवैद्य गाठा. कोरडं, काळं, न दुखणारं टोक कधीकधी आपोआप गळतं आणि जागा भरून येते, पण ते कोरडं आहे की आत पू आहे हे घरी सांगता येत नाही.

हात साबणाने धुवा आणि डबा स्वयंपाकघरात धुवू नका. गेकोच्या पोटात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, ते लहान मुलांना त्रास देतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या

हे सगळं बाजारातून आलेल्या, कुणीतरी पाळून सोडून दिलेल्या लेपर्ड गेकोबद्दल आहे, म्हणजे युब्लेफारिस मॅक्युलॅरियस या जातीबद्दल. तिचं मूळ घर अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य भाग. पण आपल्या जंगलातही लेपर्ड गेको आहेत. ज्या सातपुड्यात मेळघाट आहे, त्याच डोंगररांगेतल्या गेकोला २०१४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं. वावरात, दगडांच्या ढिगाऱ्यात किंवा विटाभट्टीजवळ ठिपक्यांचा, जाड शेपटीचा, पापण्या मिटणारा प्राणी सापडला तर तो जंगलातला असू शकतो. तो विषारी नसतो. त्याला मारू नका आणि घरीही ठेवू नका. फोटो काढा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कुणी पाळलेला म्हणून आणून दिला असेल आणि शंका असेल, तरी हाच फोन करा.

कात नेमकी का चिकटते

जुन्या कातडीखाली नवी तयार होते आणि दोघींच्या मध्ये पातळ द्रवाचा थर येतो. त्या थरामुळे जुनी कात सुटते. अंग निस्तेज दिसतं ते या थरामुळेच. गेको तोंडाने ओढत कात काढतो आणि खाऊनही टाकतो, म्हणून सकाळी घरात कात सापडली नाही तर ती निघालीच नाही असं समजू नका. बोटांवर कातडी पातळ आणि जागा अरुंद असल्याने तो द्रव तिथे सगळ्यात आधी वाळतो. द्रव वाळला की दोन कातड्या कागदाला कागद चिकटावा तशा चिकटतात.

वाळवंटी मुलखातला प्राणी, मग त्याला ओलावा कशाला, असा प्रश्न हमखास येतो, आणि वाचवलेल्या गेकोच्या आधीच्या मालकाने बहुधा असाच विचार केलेला असतो. गेको वाळवंटाच्या पृष्ठभागावर दिवस काढत नाही. तो दगडाखाली, बिळात पडून असतो, आणि बिळातली माती वरच्या मातीपेक्षा ओलसर असते. त्याला हवी असते कोरडी खोली आणि तिच्यात एक ओलं बीळ. सगळं घर ओलं केलं तर फुप्फुसांचा संसर्ग होतो, सगळं कोरडं ठेवलं तर बोटं जातात.

मोठ्या गेकोची कात साधारण चार ते आठ आठवड्यांनी निघते, पिल्लांची एक-दोन आठवड्यांनी. म्हणजे पुढची कात कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. एक वही ठेवा. त्यात अंग पांढुरकं पडल्याची तारीख, कात निघाल्याची तारीख, अडकलेली बोटं, त्या दिवशी ओल्या बिळातला ओलावा आणि गेकोचं वजन एवढंच लिहा. पुढचा डावा, मागचा उजवा असं पायासकट बोटाचं नावच लिहा. तीन काती झाल्या की ही वही कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त सांगते.

कुठे अडकते त्यावरून कारण

दरवेळी एकाच बोटावर अडकत असेल आणि बाकीची एकोणीस स्वच्छ असतील, तर घराला दोष देऊ नका. त्या बोटावर जुनी जखम आहे किंवा मागच्या वेळचं कडं पूर्ण निघालेलंच नाही. जखमेच्या वणावरची कातडी सरळ सुटत नाही. अशा बोटाला कात निघाल्यानंतर चोवीस तासांच्या आत ओल्या इअरबडने साफ करणं हा कायमचा रिवाज ठेवावा लागेल.

सगळ्या पायांच्या बोटांवर अडकत असेल तर ओलावा कमी आहे किंवा ओलं बीळ असूनही गेको त्यात जात नाही. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा जास्त वेळा खरी निघते.

पापण्या, ओठांच्या कडा आणि नाकपुड्या यांवर अडकत असेल, सोबत डोळे अर्धवट मिटलेले राहत असतील, तर व्हिटॅमिन एच्या कमतरतेचा संशय घ्या. नुसत्या मीलवर्मवर वाढलेल्या गेकोत हे दिसतं.

अंगावर ठिगळांसारखी कात राहत असेल, पाठीवर, पोटावर, कुठेही, तर प्राणी आजारी आहे, पाणी कमी पितोय किंवा उपाशी आहे. शेपूट पाहा. मुळाशी मानेएवढी जाड असेल तर ठीक, काडीसारखी होत चालली असेल तर पुढचं काहीही करण्याआधी विष्ठा तपासून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असाच शेपूट सुकवतो, आणि त्याचा घरगुती इलाज नाही.

काखेत आणि पापण्यांजवळ लाल-काळे हलणारे ठिपके दिसले तर गोचिडी आहेत. वाळू काढून तळाशी साधा कागद घाला आणि डॉक्टरला विचारा. गाईम्हशींचं गोचिडांचं औषध गेकोला फवारलं तर गेको मरतो.

ओलं बीळ कसं करायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर सांगणं भाग आहे.

दीड लिटरचा अपारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच. एका बाजूला, तळापासून ३ सेंटिमीटर वर, ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडा. तापवलेल्या सळईने भोक पाडलं तर कडा आपोआप गोल होतात. कापलं असेल तर सँडपेपरने घासा, नाहीतर ओल्या, कोवळ्या अंगावर ओरखडे येतात. आत ३ सेंटिमीटर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) किंवा कोकोपीट भरा. नर्सरीत मिळणारं कोकोपीट दोनदा साध्या पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. शेणखत, बागेची माती, लाकडाचा भुसा, कुटार यातलं काही नको. भुसा आणि कुटार आठवडाभरात बुरशी धरतात.

ओल किती, याची खूण अशी: मूठभर मॉस जोरात पिळलं तर एक-दोन थेंब गळावेत. धार लागली तर जास्त आहे, काहीच गळलं नाही तर कमी. आत हायग्रोमीटरची, म्हणजे हवेतला ओलावा मोजणाऱ्या यंत्राची, सळई घातली तर ७० ते ८० टक्के दिसायला हवं. बिळाबाहेर, बाकीच्या घरात ३० ते ४० टक्के पुरतं.

हायग्रोमीटरवर भरवसा ठेवण्याआधी तो तपासा. काट्याचे गोल हायग्रोमीटर वीस-वीस टक्के चुकीचं दाखवतात, सळईवाला डिजिटल घ्या. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ भरा, वाळू भिजावी एवढंच पाणी घाला, ते झाकण आणि हायग्रोमीटरची सळई हवाबंद पिशवीत बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ६८ आला तर तुमचं यंत्र सात कमी दाखवतं, वहीत तशी नोंद करून पुढे तेवढे मिळवत जा.

जागा महत्त्वाची. गेकोच्या घराचा एक टोकाचा भाग उबदार असतो, जमिनीवर ३१ ते ३३ अंश, आणि दुसरा २४ ते २६. ओलं बीळ या दोघांच्या मध्ये, अर्धं हीट मॅटवर (विजेवर तापणारी चटई) आणि अर्धं बाहेर ठेवा, म्हणजे आत २८ ते ३० अंश मिळतील. पूर्ण मॅटवर ठेवलं तर दोन दिवसांत वाळतं, पूर्ण थंड टोकाला ठेवलं तर गेको जातच नाही. त्याच्या दृष्टीने ओली आणि गार जागा म्हणजे आजाराची जागा. बाकीच्या दोन कोरड्या लपणाच्या जागांसाठी जुनी कवेलू (छपराची कौलं) उत्तम, पालथी घातली की झालं. फक्त उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवून घ्या, आणि वर दगड ठेवून डळमळीत रचना करू नका. कवेलूचा खरखरीत कडा गेकोला कात घासायला उपयोगी पडतो, हा जादा फायदा.

हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच लावू नका. थर्मोस्टॅट नसेल तर जमीन ४० च्या वर जाते आणि पोट भाजतं. अंडी उबवण्याच्या यंत्रात वापरतात तो डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. त्याची सळई मॅटच्या बरोबर वर, गेको बसतो त्या जागी चिकटवा, हवेत लोंबकळत ठेवू नका.

मॉस पंधरा दिवसांनी बदला, पावसाळ्यात आठवड्याने. गेको कधीकधी आतच विष्ठा करतो, तसं दिसलं तर लगेच बदला.

वैशाखात वेगळं, पौषात वेगळं

उन्हाळ्यात दुपारी ४४-४५ अंश असताना खोलीतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो. जाळीचं झाकण आणि वर फिरणारा पंखा असेल तर ओलं बीळ दुपारभरात कोरडं पडतं. जाळीच्या निम्म्या भागावर अॅक्रिलिकची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी ठेवा, निम्मी उघडी राहू द्या. कुलर असेल तर खोलीतला ओलावा वाढतो, पण वाऱ्याचा झोत थेट घरावर पडू देऊ नका. आणि कुलर दिवसाच चालत असेल तर रात्रीचं काय, हेही बघा. कुलर बंद झाल्यावर दोन तासांत हवा पुन्हा कोरडी होते, आणि गेको कात रात्री काढतो. संध्याकाळी सातच्या सुमारास बिळातल्या मॉसवर दोन चमचे पाणी शिंपडा.

या दिवसांत मातीचं बोळकं फार कामाचं. बाजारात मिळणारं बिनरंगाचं लहान बोळकं रात्रभर पाण्यात भिजवून, आडवं करून आत मॉस घालून ठेवलं की ते माठासारखं काम करतं. बाहेरून पाणी उडत राहतं, आत गार आणि ओलं राहतं. मे महिन्यात हीट मॅट बंदच असते, आणि थंड टोकही ३३-३४ ला पोहोचतं, तेव्हा गेको दिवसभर या बोळक्यात पडून राहतो. घर पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मातीच्या भिंतीची, कवेलूची आतली खोली असेल तर तीच निवडा. थंड टोक ३४ च्या वर जायला लागलं तर घराच्या बाहेरच्या बाजूला ओलं पोतं टेकवा, किंवा बर्फाची बाटली कापडात गुंडाळून बाहेरून लावा. आत बर्फ ठेवायचा नाही.

आणि नेमकं हेच बोळकं हिवाळ्यात घात करतं. डिसेंबर-जानेवारीत नागपूर, गोंदियाकडे रात्री ८ ते १० अंश होतात. माठात पाणी गार होतं त्याच नियमाने बोळकं आतून खोलीपेक्षाही गार होतं. गेको त्यात पाय टाकत नाही आणि हीट मॅटवरच्या कोरड्या कवेलूखाली बसून राहतो. तिथे मॅटच्या उष्णतेने हवा आणखी कोरडी झालेली असते. वहीत पाहिलं तर ओलावा ७५ टक्के लिहिलेला असतो, आकडा खराही असतो, आणि तरी वीसही बोटांवर मोजे राहतात. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात सगळं ठीक चालतं आणि दिवाळीनंतर कात अडकायला लागते, त्यांनी आधी बोळकं काढून प्लॅस्टिकचा डबा ठेवावा आणि आतलं तापमान मोजावं. २८ अंश मिळालं की गेको त्याच रात्री आत सापडतो.

हिवाळ्यात वीज गेली तर घराला घोंगडी गुंडाळा, हवेसाठी एक कोपरा मोकळा ठेवा, आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून आत ठेवा. दोन तासांनी पाणी बदला. रात्री १८ अंशांपर्यंत सुदृढ गेको तग धरतो, पण कात निघण्याच्या दिवसांत आणि अशक्त प्राण्याला एवढं खाली जाऊ देऊ नका.

पावसाळा ही आयती परीक्षा आहे. ऑगस्टमध्ये हवेतच ८० टक्के ओलावा असतो. त्या दिवसांतही कात अडकत असेल तर ओलाव्याला दोष देणं सोडून द्या. कारण खाण्यात आहे किंवा आजारात. तेव्हा ओल वाढवली तर उलट कातडीवर फोड येतात आणि तोंड उघडून श्वास घेणं सुरू होतं. पावसाळ्यात बिळातली ओल कमी करा आणि झाकणावरची पट्टी काढून टाका.

खाण्यातली खोट

मोठ्या गेकोला दर दोन-तीन दिवसांनी पाच ते आठ किडे पुरतात. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. रातकिडे आणि मीलवर्म आलटून-पालटून द्या. देण्याआधी दोन दिवस किड्यांना गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि कोंडा खाऊ घाला. उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल.

प्रत्येक वेळी फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर चिमूटभर लावा. दर एक-दोन आठवड्यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांची मल्टिव्हिटॅमिन पावडर, तीही जिच्यात तयार व्हिटॅमिन ए आहे अशी. नुसतं बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) असलेली पावडर पुरेशी पडेल असं गृहीत धरू नका. पानाचा चुना कॅल्शियम म्हणून देऊ नका, तोंड आणि अन्ननलिका भाजते. अंगणवाडीत मुलांना दिलं जाणारं व्हिटॅमिन एचं औषध तर मुळीच नाही. तो डोस दोन लाख युनिटपर्यंत असतो आणि गेकोचं वजन पन्नास-साठ ग्रॅम. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर कातडी चक्क सोलवटून निघते, म्हणजे ज्या दुखण्यासाठी दिलं तेच दहापट होतं.

वावरातले नाकतोडे धरून देण्याचा मोह टाळा. कपाशी, सोयाबीन, तूर, कशावरही फवारणी झालेली असते, आणि जिवंत किड्यातही विष उतरलेलं असू शकतं. काजवे तर कधीच देऊ नका. काही जातींचा एक काजवासुद्धा पालीचा जीव घेतो.

कात निघायच्या आधी एक-दोन दिवस गेको खात नाही. हे नेहमीचं आहे. तेव्हा हातात घेऊ नका आणि जबरदस्तीने भरवू नका. उथळ वाटीत ताजं पाणी मात्र रोज हवं.

एवढं करूनही तिसऱ्या कातीला अडकली तर

ओल्या बिळात ७० टक्के आहे, २८ अंश आहे, गेको आत जाताना दिसतो, खाणं सुधारून दोन महिने झाले, तरी कात अडकते. किंवा महिन्याभरात वजन दहा टक्क्यांनी उतरलं, पन्नास ग्रॅमचा गेको पंचेचाळीसवर आला. आता डॉक्टरकडे जायचं. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना गाईगुरांचा असतो. डॉक्टर मनापासून मदत करतात, पण सरपटणारे प्राणी त्यांच्याकडे क्वचितच येतात. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था इथे आधी फोन करून सरपटणारे प्राणी पाहणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा, मगच निघा.

जाताना वही न्या. ताजी विष्ठा, चोवीस तासांच्या आतली, छोट्या झाकणाच्या डबीत, शक्य असेल तर बर्फाच्या थर्मासमध्ये. गळालेली कात सापडली तर तीही न्या. गेकोला छोट्या भोकांच्या डब्यात, तळाशी किंचित ओला टिश्यू घालून, कापडी पिशवीत अंधारात ठेवा. उन्हाळ्यात पहाटेची एसटी पकडा आणि डबा मांडीवर ठेवा, डिकीत किंवा इंजिनाजवळ नाही. हिवाळ्यात कोमट पाण्याची छोटी बाटली कापडात गुंडाळून डब्याशेजारी ठेवा. आदल्या दिवशी खायला देऊ नका, प्रवासात उलटी करतो. आणि बोटं त्या सकाळी भिजवून साफ करू नका. कात कुठे, किती आणि कशी अडकली आहे, हे डॉक्टरला आहे तसं पाहू द्या.